तीनदा तपासणारे सर

आमच्या संस्थेत मी रुजू झालो त्या दिवशी माझं नाव गेलं, ते गेलंच. वर्कशॉपच्या दारात एक उंच, वाळका माणूस उभा होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात खाकी शर्ट, डावा हात पँटच्या खिशात. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. गाव विचारलं. मी म्हणालो, नातेपुते. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं आणि मला आत घेतलं. पुढची अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी नातेपुते होतो. रागात असले तर नुसता नातेपुते, एरवी नातेपुते सर.

पोरांचंही तेच. सरांचं म्हणणं, एका वर्गात तीन गणेश आणि चार विशाल असतात, शिडीवर चढलेल्या नेमक्या विशालला हाक कशी मारायची? गाव मात्र ज्याचं त्याचं असतं. त्यामुळे आमच्या वर्कशॉपमधून जाणाऱ्याला वाटायचं की आत एस.टी.ची चौकशी खिडकी आहे. माळशिरसनं पक्कड आणायची, मोहोळनं शिडी धरायची, करमाळ्यानं कान धरून उभं राहायचं. एकाच गावची दोन पोरं आली तर एक थोरलं, एक धाकटं. सोलापुरातल्या पोरांना पेठेच्या नावानं हाक असे. कापड दुकानदाराचा एक मुलगा होता, त्याला सर ‘नवी पेठ’ म्हणायचे आणि तो रुसायचा. हजेरीपुस्तकात प्रत्येक नावापुढं सरांनी पेन्सिलीनं गाव लिहून ठेवलेलं असे. प्रिन्सिपॉल ते खोडरबरानं पुसत, सर पुन्हा लिहीत.

संस्था अक्कलकोट रस्त्याला, खाजगी. दोन पत्र्याच्या शेड, एक बैठी इमारत, पुढं कडुलिंब. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स. दहावीला कशीबशी पास झालेली पोरं तालुक्यातालुक्यातून यायची आणि दोन वर्षांनी पुण्याकडच्या कारखान्यांत जायची. मी थिअरी शिकवायचो, सर प्रॅक्टिकल. माझ्या तासाला पोरं झोपायची, सरांच्या तासाला जागी असायची. मला याचं फार वाईट वाटायचं नाही. माझ्या तासाला झोपून कुणी मरणार नव्हतं.

खिशातल्या हाताचं सांगायला हवं. चालू लाईनवर काम करताना एकच हात पुढं करायचा, दुसरा खिशात ठेवायचा, हा सरांचा पहिला धडा. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो. एका हातानं काम केलं तर निदान काळीज वाटेत येत नाही. धडा खरा आहे, मी फळ्यावर आकृती काढून तोच शिकवायचो. पण सरांच्या अंगात तो इतका मुरला होता की त्यांचा डावा हात बाजारातही खिशातून निघायचा नाही. सत्यनारायणाचा प्रसाद एका हातानं घ्यायचे. लग्नात अक्षता एका हातानं टाकायचे. कुणी नमस्कार केला तर उजवा हात कपाळापर्यंत नेऊन सोडायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय माज आहे. संस्थेचे चेअरमन आले होते तेव्हा त्यांनी हार पुढं केला आणि सरांनी तो एका हातानं घेऊन स्टुलावर ठेवला. त्या वर्षी सरांची पगारवाढ झाली नाही असं क्लार्क सांगायचा. सरांना विचारलं तर म्हणाले, हार जड नव्हता.

दुसरा धडा तीन तपासण्यांचा. या माणसाचं सगळं आयुष्य त्या तीन तपासण्यांत होतं, आणि माझ्या आयुष्यातला एक तुकडाही त्यांतच अडकला, म्हणून नीट सांगतो. एखादी तार मेलेली आहे का हे बघायचं तर टेस्टर लावायचा. दिवा लागला नाही म्हणजे तार मेलेली, असं आपण धरतो. पण दिवा न लागण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे टेस्टरच मेलेला असणं. म्हणून आधी टेस्टर चालू तारेवर लावून बघायचा, तो पेटला पाहिजे. मग ज्या तारेवर काम करायचं तिच्यावर लावायचा, तो पेटता कामा नये. आणि मग परत चालू तारेवर. ही तिसरी तपासणी सगळेच गाळतात, कारण तोवर माणसाचा हात कामाकडं गेलेला असतो. पण मधल्या मिनिटात टेस्टर गेला असेल तर? मग ज्या तारेला तुम्ही मेलेली म्हणालात ती जिवंत आहे, आणि तुम्ही तिला हात घालताय.

सर हद्दीवरच्या गावातले, अक्कलकोटच्या पलीकडचे. घरची भाषा कानडी. या तीन तपासण्या ते कानडीतच करायचे. ऐती, इल्ला, ऐती. म्हणजे आहे, नाही, आहे. मोठ्यानं म्हणायचं, हा दंडक. बार्शी, माढा, सांगोला इथली पोरं, ज्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं, ती सगळी बोर्डापुढं उभी राहून ऐती, इल्ला, ऐती म्हणायची. एकदा विणकराच्या घरातलं एक पोरगं त्याच्या तेलुगूत म्हणालं, उंदि, लेदु, उंदि. वर्ग हसला. सरांनी हसणाऱ्यांना बाहेर काढलं आणि त्या पोराला सांगितलं, कुठल्याबी भाषेत म्हण, तीनदा म्हण म्हणजे झालं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर सर नुसते चांगले शिक्षक ठरले असते. पण ते कशावरच, कुणावरच तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचे नाहीत. बाहेर पाऊस आहे असं सांगितलं तर खिडकीतून हात बाहेर काढायचे, अर्थात उजवा. स्टँडवर अक्कलकोटची गाडी उभी असायची, पाटी असायची, कंडक्टर ओरडत असायचा, तरी सर आधी ड्रायव्हरला विचारायचे आणि मग आत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला. आमटीत मीठ जास्त पडलंय असं मी म्हणालो की माझ्याच डब्यात बोट घालून बघायचे. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या घड्याळातली वेळ कधी मानली नाही. मी एकदा वैतागून विचारलं होतं की हे असं का, कधी काही झालं होतं का. मला वाटलं, एखादी मोठी गोष्ट निघेल, कुणीतरी दगावलं असेल, कुणीतरी दगा दिला असेल. सर म्हणाले, कारण कशाला पायजे, तपासायला लागतंय की.

प्रिन्सिपॉलच्या केबिनमधला पंखा बंद पडला ती गोष्ट आमच्याकडं अजून सांगितली जाते. वरून तपासणीला साहेब येणार होते, दिवस एप्रिलचे, आणि सोलापूरचा एप्रिल कसा असतो ते इथं राहिलेल्यालाच विचारावं. प्रिन्सिपॉलनी सरांना बोलावलं आणि सांगितलं, मी स्वतः मेन बंद केलंय, तुम्ही बिनधास्त करा. सर बाहेर गेले, मेन बोर्डातले तिन्ही फ्यूज उपसले आणि खिशात टाकले. फ्यूज आपल्या खिशात असला की दुसरा कुणी मधेच मेन चालू करू शकत नाही, असा तो हिशोब. पंखा दहा मिनिटांत दुरुस्त झाला. मग एक वाजला, आणि सर खिशात फ्यूज घेऊन जेवायला बसले, कारण जेवण एकला असतं. तेवढ्यात साहेब आले. संपूर्ण संस्थेत वीज नाही. साहेब रुमालानं वारा घेतायत, प्रिन्सिपॉल मेनचा दांडा वरखाली करतायत. मी सरांसमोरच बसलो होतो. मला सगळं कळत होतं आणि मी सांगितलं नाही, कारण भाकरी पुरी झाल्याशिवाय ते उठणार नव्हते आणि मला हसू आवरत नव्हतं.

तर आमचं जेवण. माझी बायको नातेपुत्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत, आई आणि मुलगी तिच्याजवळ. मी सोलापुरात एका खोलीत, मेसच्या डब्यावर. शनिवारी दुपारी चारच्या गाडीनं गावी जायचं, सोमवारी पहाटे परत. मधले पाच दिवस मी पोरांशी बोलायचो ते ओहमच्या नियमाबद्दल आणि मेसवाल्याशी बोलायचो ते पोळ्यांच्या संख्येबद्दल. बाकी कुणाशी काही नाही. माणसांनी भरलेल्या गावात इतकं गप्प राहावं लागतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एक ते दीड हा अर्धा तास मात्र माझा होता. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, जुन्या मोटारींच्या मधे, दोन स्टुलं. सर स्वतः केलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचे. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं सरकवायची आणि माझ्या डब्यातली भाजी बोटानं तपासायची. बोलणं फार व्हायचं नाही. पण मी सकाळपासून त्या अर्ध्या तासाची वाट बघायचो, हे मला आता कबूल करायला लाज वाटत नाही.

त्यांची बायको मी यायच्या आधी वारली होती. मुलगी हुबळीला, तिचा संसार मोठा. हे सगळं मला क्लार्ककडून कळलेलं. सर स्वतः एकदाच बोलले. दिवाळीची सुट्टी लागलेली, पोरं गावी गेलेली, माझी गाडी दुपारची. वर्कशॉपमध्ये शिरलो तर सर एकटेच एका रिकाम्या बोर्डापुढं उभे राहून कानडीत बोलत होते. तपासणीचे तीन शब्द नव्हेत, चांगलं लांबलचक. मी खाकरलो. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, घरात कानडी बोलायला कुणी ऱ्हायलं न्हाय, नातेपुते सर. ती हुती तंवर बोलत हुतो. मराठी कायम लोकांशी बोलायची. आता बोर्डाशी बोलतो, न्हायतर इसरून जाईन.  मी विचारलं, बोर्डाला काय सांगत होता? ते म्हणाले, ज्वारी कशी हाय ते.

आता वैराग. बार्शी तालुक्यातल्या वैरागचा हा मुलगा हाताचा हुशार, स्वभावानं घायकुत्या. पाईप वाकवण्यात, तारा ओढण्यात त्याच्यासारखा त्या बॅचला कुणी नव्हता. सरांचा तो लाडका होता. हे ओळखायचं कसं, तर सर त्याला सगळ्यांत जास्त शिव्या द्यायचे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुण्याकडच्या एका कारखान्यानं त्याला अ‍ॅप्रेंटिस म्हणून निवडलं. मंगळवारी हजर व्हायचं, आमच्या प्रॅक्टिकलचा पास शेरा सोबत न्यायचा. शुक्रवारी सरांनी प्रॅक्टिकल घेतलं. वैरागनं अख्खा बोर्ड सगळ्यांच्या आधी उभा केला, देखणा. मग दुरुस्तीचा प्रश्न आला. त्यानं सप्लाय बंद केला, ऐती म्हणाला, इल्ला म्हणाला, आणि पक्कड उचलली. तिसरी तपासणी गाळली. सरांनी त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि नापास लिहिलं.

प्रिन्सिपॉल चिडले. संस्थेतली पहिली निवड त्या कारखान्यात, आणि ती एका टेस्टरपायी जाणार. सर शुक्रवारीच गावी निघून गेले होते, सोमवारी येणार होते. प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. तुम्हीही इथले शिक्षक आहात, उद्या त्याची फेरपरीक्षा घ्या, नीट केलं तर पास करा, सही तुमची चालेल. यात गैर काहीच नव्हतं. मुलाला दुसरी संधी मिळत होती, आणि मी घेणार होतो ती परीक्षाच होती.

शनिवारी मला उठायला उशीर झाला, मग क्लार्कनं कसलेतरी तक्ते भरायला बसवलं, आणि बघता बघता तीन वाजून गेले. वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा वैराग दुपारपासून बोर्डापुढं टेस्टर घेऊन उभा होता. चारची गाडी चुकली की पुढची सहाची, ती घरी अकराला पोचवते, मुलगी झोपलेली असते. कारण एवढंच. याहून मोठं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. मी त्याला म्हणालो, तुला येतंय रे, मला माहितीये. शीटवर सगळ्या पायऱ्यांपुढं बरोबरच्या खुणा केल्या, पास लिहिलं, सही केली. तो टेस्टर हातात घेऊन तसाच उभा होता. मी रिक्षा पकडली.

सोमवारी जेवताना सरांना सांगितलं, वैरागची फेरपरीक्षा घेतली, पास केला. प्रिन्सिपॉलवर ते भडकतील असं मला वाटलं होतं. ते भडकले नाहीत. भाकरी मोडता मोडता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘तिसऱ्यांदा बघितलं का त्यानं?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘मग बरं झालं,’ सर म्हणाले आणि अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

मला पहिल्यांदा हायसंच वाटलं. त्या रात्री मात्र खोलीवर पडल्या पडल्या लक्षात आलं की हा माणूस पावसावर विश्वास ठेवत नाही, एस.टी.च्या पाटीवर ठेवत नाही, आणि माझ्या एका ‘हो’वर त्यानं मान हलवली. आयुष्यात त्यांनी एकाच माणसाचा शब्द न तपासता घेतला, तो माझा, आणि तो खोटा होता. मी असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वैराग कारखान्यात हजर झाला. आता सांगून त्याची नोकरी घालवायची का, असा मी स्वतःला प्रश्न विचारला, आणि मला हवं ते उत्तर काढलं.

पुढची नऊ वर्षं मी त्या स्टुलावर बसून त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. अर्धा तास तोच होता, पण माझा राहिला नव्हता. पेपरात कुठं वायरमन शॉक लागून गेल्याची बातमी आली की मी आधी गावाचं नाव शोधायचो. ते सापडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा, आणि ते वैराग नाही असं दिसलं की सुटल्यासारखं वाटायचं. त्या मेलेल्या माणसाबद्दल काही वाटायचं नाही, इतक्या हलक्या मनाचा मी झालो होतो. वैरागचा नंबर माझ्याकडं होता. फोन कधी केला नाही. त्याचा व्हॉट्सॲपवरचा फोटो मात्र आठवड्यातून एकदा बघायचो. बदललेला असला की मुलगा जिवंत आहे, एवढं कळायचं. त्याचं लग्न, त्याची गाडी, त्याचं बाळ, सगळं मी असं चोरून पाहिलं.

सर वर्षातून दोन-तीनदा तरी विचारायचे, वैराग काय म्हणतोय? मी म्हणायचो, बरा आहे. कधी परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडं बघून म्हणायचे, ह्या पोरांचं काय खरं न्हाय, नातेपुते सर, मागं तुमी घेतली तशी फेरपरीक्षा घ्यायला पायजे एकेकाची. मी मान खाली घालून भाजी चिवडायचो. ते थोडा वेळ थांबायचे. मग डबा धुवायला उठायचे. त्यांना वैरागची काळजी आहे असं मला वाटायचं, आणि मी आणखी गप्प व्हायचो.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल एका हातानंच घेतली. भाषणात म्हणाले, पोरं शिकली, त्यांचं त्यांनी जपून ऱ्हावं, आणि खाली बसले. त्यांना सोडायला स्टँडवर मी एकटाच गेलो. ड्रायव्हरला विचारून झालं, आतल्या बाईला विचारून झालं, सर खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली तरी माझ्याकडं बघत होते. म्हणाले, काय सांगायचं ऱ्हायलंय का, नातेपुते? मी म्हणालो, नाही, जपून जा. गाडी वळली आणि मी फलाटावर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एक वाजता मागच्या खोलीत जाऊन बसलो आणि डबा तसाच परत आणला. नंतर स्टाफरूममध्ये जेवायला लागलो. तिथं सगळे मोबाईल बघत जेवतात.

दोन वर्षांत मी त्यांच्या गावी दोनदा गेलो. दोन्ही वेळा सांगायचं म्हणून गेलो आणि ज्वारीबद्दल बोलून आलो. तिसऱ्यांदा गेलो तो त्यांच्या मातीला. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही, असं त्यांची मुलगी म्हणाली. शेताच्या कडेला, त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं बसवून, माती दिली. सगळे कानडीत बोलत होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मी एका बाजूला उभा होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी ‘सर’ म्हणालं. भरलेल्या अंगाचा, मिशा ठेवलेला माणूस. फोटोंमुळे मी लगेच ओळखलं. वैराग.

तो पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आला होता. कारखान्यात आता सुपरवायझर, हाताखाली चौदा माणसं. सोलापूरपर्यंत सोडतो म्हणाला. निम्मा रस्ता मागं पडला. मग त्यानंच विषय काढला. म्हणाला, सर गेले तर मला यायलाच पायजे हुतं. त्यांच्यामुळं मी आज हाय. त्या सोमवारी त्यांनी मला सोडलं असतं तर कधीच शॉक लागून गेलो असतो.

मी विचारलं, कुठल्या सोमवारी?

तेव्हा त्यानं सांगितलं. त्या सोमवारी साडेचारला, मी खोलीवर निघून गेल्यावर, सर त्याच्या राहण्याच्या जागी आले. तो पुण्याला निघायला पिशवी भरत होता. त्याला पिशवीसकट वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि बोर्डापुढं उभं केलं. आधी विचारलं, शनिवारी परीक्षा कशी झाली. यानं खरं ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि टेस्टर हातात दिला. पहिल्यांदा तो तिसरी तपासणी विसरला. दुसऱ्यांदाही विसरला. मग सरांनी त्याच्याकडून ती पन्नास वेळा करून घेतली, आणि सहा वाजता म्हणाले, जा आता, गाडी चुकंल.

‘माझी सही?’ मी विचारलं. 

‘मी बी तेच इचारलं, की सर, आता शीट बदलायची का. तर म्हणले, कशाला? आता ती सही खरी झाली.’ वैरागनं गिअर बदलला. पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, त्यानं तो मागं टाकला. ‘आणि म्हणले, नातेपुते सरांना ह्यातलं काय बोलू नगंस. ते आपणहून सांगतील मला. चांगला माणूस हाय, दोन दिवस लागतील, पण सांगंल.’

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. नऊ वर्षं जेवताना ते माझ्यासमोर बसून होते, मग खिडकीशी, मग गावी अंगणात, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ज्याला माझ्यावरचा विश्वास समजून जळत होतो, ते त्यांचं थांबणं होतं. एवढं थांबून माझ्याकडून त्यांना एकच वाक्य हवं होतं, आणि मी त्यांना ते दिलं नाही. त्या गाडीत मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं सोलापुरातल्या खोलीत कधी वाटलं नव्हतं.

‘मग सांगितलं असंल की तुमी त्यांना,’ वैराग म्हणाला.

‘हो,’ मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

‘बरं केलं सर,’ तो म्हणाला. ‘लई वाट बघत हुते ते.’